शार्डराव

ज्या कंपनीत सर्च आहे, त्या कंपनीत एक शार्डराव असतो. आमच्या बाणेरच्या ऑफिसातला शार्डराव चाळिशीचा, किंचित पोट सुटलेला, आणि व्हाइटबोर्ड दिसला की हात शिवशिवणारा. पाळण्यातलं नाव एचआरच्या फायलीत आहे, ते तिथेच राहू दे. कुठलीही एकसंध वस्तू दिसली की तिचे किती तुकडे होतील, हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. वाढदिवसाचा केक कापायला त्याला कोणी बोलवत नाही. तो आधी पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांचा अंदाज मागतो.

आमची कंपनी हातमागाच्या आणि हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकते. येवल्याची पैठणी, कोल्हापुरी चप्पल, सावंतवाडीची लाकडी खेळणी. गिऱ्हाइकाने ‘पैठणी’ असं टाइप करावं आणि त्याला पैठण्या दिसाव्यात, एवढीच मालकांची अपेक्षा होती. शार्डरावाने शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, “ते होईल हो साहेब. पण उद्या 10 कोटी प्रॉडक्ट झाले तर?” मालकांचे डोळे लकाकले. इतकं भरभराटीचं भविष्य त्यांना आजवर ज्योतिषानेही सांगितलं नव्हतं. डिझाइन तिथल्या तिथे मंजूर झालं.

मग बोर्डावर सहा डबे उभे राहिले. डब्यांच्या वर एक चौकोन, चौकोनातून सहा बाण. समजावून सांगण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. कोणता शब्द कोणकोणत्या नोंदींत आहे, याची यादी म्हणजे इंडेक्स. ती एका मशीनला पेलेना की नोंदी सहा मशीनवर वाटायच्या, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याची यादी सांभाळायची. वाटा म्हणजेच शार्ड. शोध आला की वरचा चौकोन, म्हणजे कोऑर्डिनेटर, सहाही जणांना एकदम विचारतो. प्रत्येकजण आपापले पहिले दहा पाठवतो, आणि त्या साठांतून खरे दहा निवडले जातात. नोंदींऐवजी शब्दांची वाटणी करता येते, पण मग दोन शब्दांचा शोध आला की लांबलचक याद्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर वाहून न्याव्या लागतात. ती शक्यता त्याने बोर्डावर लिहिली आणि लगेच डस्टरने पुसूनही टाकली.

त्याच्या बोलण्यात गूगलचे इंजिनिअर जेफ डीन फार येतात. 2003 साली बारोसो, डीन आणि होल्झल यांनी गूगलच्या सर्चची रचना कशी आहे ते लिहून प्रसिद्ध केलं: 15 हजारांहून जास्त साधे पीसी आणि त्यांच्यावर तुकड्यातुकड्यांनी वाटलेला इंडेक्स. शार्डरावाकडे या लेखाचं दरवर्षी पारायण होतं. पारायणानंतर काही दिवस तो आमच्या सहा मशीनकडे लग्नाला आलेल्या मुलाच्या बापासारखा बघत असतो. सोलर आणि इलास्टिकसर्च ही सर्चची सॉफ्टवेअरं ज्या ल्युसीन नावाच्या लायब्ररीवर उभी आहेत, तिला तिच्या कर्त्याने, डग कटिंगने, बायकोचं मधलं नाव दिलं. ही गोष्ट शार्डरावाने घरी मोठ्या प्रेमाने सांगितली आणि म्हणाला, “आपल्या सहा मशीनच्या क्लस्टरला मी तुझं नाव देतो.” वहिनी म्हणाल्या, “रात्री दोनला जे पडतं, त्याला माझं नाव नको.”

घरी त्याचा चष्मा हरवतो. एकेका खोलीत जाऊन शोधणं तत्त्वात बसत नाही. तो हॉलच्या मधोमध उभा राहतो आणि घरातल्या सगळ्यांना एकदम विचारतो. ज्याने त्याने आपली खोली बघायची आणि कळवायचं. मुलगी क्षणात “इथे नाही” म्हणते. वहिनी स्वयंपाकघरातून “फ्रिजवर बघा” म्हणतात. राहते आई. देवघरातलं स्तोत्र संपल्याखेरीज तिचं उत्तर येत नाही, आणि ते आल्याखेरीज शोध पुरा होत नाही. डीन आणि बारोसो यांनी 2013 मध्ये नेमकं याच दुखण्यावर लिहिलं आहे. एखादं मशीन 100 वेळांतून एकदाच सेकंदापेक्षा जास्त रेंगाळत असेल, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एकेक शोध अशा 100 मशीनना विचारून पुरा होणार असेल, तर 100 पैकी 63 शोध सेकंदाच्या पुढे जातात. उपाय असा, की थोडं थांबून तोच प्रश्न त्या शार्डच्या दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीला, म्हणजे रेप्लिकेला, विचारायचा. जी आधी बोलेल तिचं ऐकायचं. “आईची रेप्लिका नाही, हाच आपल्या घराचा प्रॉब्लेम आहे,” असं तो एकदा बोलून गेला. आईने स्तोत्र मध्येच थांबवलं. त्या दिवशी तिचं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं, आणि ते चष्म्याबद्दल नव्हतं. चष्मा असतो कपाळावर. कपाळ कुठल्याच शार्डमध्ये धरलेलं नाही.

शार्ड किती करायचे, या प्रश्नावर मात्र तो मुहूर्त काढायला बसल्यासारखा गंभीर होतो आणि त्यात चूक काही नाही. नोंदीच्या आयडीचा हॅश, म्हणजे गणिताने ठरणारा एक आकडा, काढायचा, त्याला शार्डच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल त्या नंबरच्या शार्डमध्ये नोंद ठेवायची. भाजक बदलला की बहुतेक साऱ्या बाक्या बदलतात. म्हणून आकडा एकदा ठरला की ठरला. पुढे बदलायचा तर बहुधा सगळा इंडेक्स नव्याने बांधायची पाळी येते. इलास्टिकसर्च पूर्वी न सांगता पाच शार्ड करून द्यायचं. 2019 मध्ये, सातव्या आवृत्तीत, तो आकडा एकावर आणला. लोक गरज नसताना बारके बारके शार्ड करून मशीनना दमवत होते, हे त्यामागचं कारण. शार्डरावाने ही बातमी मनाला लावून घेतली. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच बसला होता.

पण त्याची खरी करामत पुढे आहे. हॅशची वाटणी त्याला फार आंधळी वाटली. त्याने जिल्ह्याप्रमाणे वाटणी केली: नाशिकचे विक्रेते एका शार्डमध्ये, कोल्हापूरचे दुसऱ्यात. बोर्डावर महाराष्ट्राचा नकाशा काढला तेव्हा टाळ्याही पडल्या. साइट सुरू झाली, मालकांनी स्वतःच्या हाताने ‘पैठणी’ टाइप केलं, आणि सगळ्यात वर आली कोल्हापूरच्या एका चप्पलवाल्याने जोडीला विकायला ठेवलेली ‘पैठणी ठेवायची कापडी पिशवी’.

मशीन आपल्या परीने बरोबर होतं. शब्द जितका दुर्मीळ तितकं त्याचं वजन जास्त, असा सर्चचा नियम आहे. आणि दुर्मीळ की नाही, हे प्रत्येक शार्ड आपल्या घरापुरतं मोजतो. येवला नाशिक जिल्ह्यात, त्यामुळे नाशिकच्या शार्डमध्ये ‘पैठणी’ पायलीला पन्नास. कोल्हापूरच्या शार्डमध्ये हा शब्द एकाच नोंदीत, म्हणून त्या पिशवीला राजमुकुट. नोंदी सरमिसळ वाटल्या असत्या तर प्रत्येक शार्डमध्ये प्रमाण साधारण सारखं राहिलं असतं. दुसरा इलाज म्हणजे आधी सगळ्या शार्डना शब्दांची मोजदाद विचारायची, तिची बेरीज करायची आणि मग शोधायचं. त्यात एक फेरी वाढते. शार्डरावाने त्या फेरीच्या मिलिसेकंदांसाठी दोन दिवस वाद घातला. तोवर पिशव्या मात्र चांगल्या खपल्या.

तुकडे करणं हे निम्मंसुद्धा काम नाही, असं माझं मत आहे. तुकड्यांची उत्तरं एकत्र आणताना खरा कस लागतो, आणि तिथे शार्डरावाचा रस आटतो. मॅनेजरने विचारलं, “गिऱ्हाईक हजाराव्या पानावर गेलं तर?” एका पानावर दहा वस्तू धरल्या, तर हजारावं पान दाखवायला प्रत्येक शार्डला आपले पहिले 10,000 पाठवावे लागतात, कोऑर्डिनेटरने 60,000 जुळवायचे आणि शेवटचे दहा ठेवून बाकीचे फेकून द्यायचे. शार्डराव गरजला, “हजाराव्या पानावर कोण शहाणा माणूस जातो?” मालक हळूच म्हणाले, “मी जातो. आपलं शेवटचं प्रॉडक्ट कोणतं, ते बघायला.”

नेटवर्क मध्येच तुटलं तर काय, हे त्याने आम्हाला एका वाक्यात पटवलं. क्लस्टरचे दोन गट पडतात, दोन्हींत एकेक मास्टर, म्हणजे म्होरक्या मशीन, उभा राहतो आणि दोघेही म्हणतात, मूळ क्लस्टर आमचाच. महाराष्ट्रात याहून जास्त समजावायची गरज पडली नाही. फरक एवढाच, की क्लस्टरमध्ये निकाल लगेच लागतो: मास्टर निवडणारे नोड, म्हणजे मशीन, तीन ठेवायचे, दोघं ज्या बाजूला ती बाजू खरी, उरलेल्या एकाने गुमान बसायचं.

त्याची थट्टा पुष्कळ केली, पण दिवाळीच्या आठवड्यात एका रात्री एका मशीनची डिस्क गेली, तेव्हा शार्डराव जागा होता. तिथले शार्ड ज्या दुसऱ्या मशीनवर प्रत म्हणून ठेवले होते, तिथल्या प्रतीच मुख्य झाल्या. लोक शोधत राहिले, साड्या विकल्या गेल्या. सकाळी मालकांनी विचारलं, “काल रात्री काही झालं नाही ना?” तो “नाही साहेब” म्हणाला. त्याच्या धंद्यात चांगलं काम केल्याचा पुरावा म्हणजे कुणाला काहीच न कळणं, आणि ही गोष्ट अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

आजच्या तारखेला आमचा सगळा इंडेक्स 3 जीबीचा आहे. एका शार्डमध्ये 10 ते 50 जीबी सुखाने मावतात, हे आम्हाला शार्डरावानेच शिकवलं. सहा सर्व्हर चालू आहेत, आणि पुढच्या तिमाहीच्या बजेटमध्ये त्याने आणखी तीन मागितले आहेत.