लिनक्सवाले काका

मीरा रोडच्या शांतीनगरापासून भाईंदरच्या नवघर रोडपर्यंत, जरा मोठी सोसायटी असली की तिच्यात एक तरी लिनक्सवाले काका निघतातच. विरार फास्टमध्ये चढून मीरा रोडला उतरून दाखवणाऱ्यांची ही जात. खिशात घराची किल्ली असेल-नसेल, लाइव्ह यूएसबीचा पेनड्राइव्ह असतोच.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि काकांनी शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू चढवून दिलं. तेव्हापासून त्यांचे रविवार गेले.

‘काका, चालूच होत नाही!’ तिसऱ्या मजल्यावरून हाक येते. काळ्या स्क्रीनवर ‘कर्नल पॅनिक’.

‘शेवटचं काय केलं होतंस?’

‘काहीच नाही.’

या उत्तरावर काकांचा काडीचा विश्वास नसतो. एस्केप दाबून ते ग्रबचा मेनू आणतात, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधला जुना कर्नल निवडतात, आणि लॅपटॉप उठतो. पोरगी म्हणते, ‘थँक्यू काका!’ पण काका हलत नाहीत. व्याख्यान आता कुठे सुरू होतंय.

‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की आपण आधी ट्रान्झिटमध्ये राहतो ना? कर्नलचंही तसंच. ग्रब त्याला रॅममध्ये आणतो आणि सोबत इनिटरॅमएफएस ही तात्पुरती खोली देतो. तिथे डिस्कचे ड्रायव्हर असतात. त्यांच्या मदतीने खरं घर सापडलं की मुक्काम तिकडे. तुझं बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी तुडुंब भरलं, म्हणून नव्याची खोली अर्धवटच राहिली. बिल्डरसारखी!’

ते पार्टिशन एवढंसं कुणी ठेवलं होतं, हा विषय व्याख्यानात येत नाही. जुने कर्नल काढून, इनिटरॅमएफएस नव्याने बनवून काका उठतात तोवर चहा दोनदा गार झालेला असतो.

19 जुलै 2024 हा त्यांचा दिवाळसण. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला गाठून ‘आमच्या लिनक्समध्ये...’ सुरू करत. पण महिनाही झाला नाही तोच, ऑगस्टमधल्या विंडोजच्याच एका अपडेटने दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक मशिनांवरचं लिनक्स अडवलं. स्क्रीनवर संदेश: ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग.’ काकांचं स्वतःचं मशीनही त्यातलंच. सिक्युअर बूट बंद करून त्यांनी ते उठवलं. लिफ्टमध्ये मात्र त्या आठवड्यात पावसावरच बोलले.

तेव्हा तुमचाही लॅपटॉप अडला, तर स्टेशनजवळच्या दुकानात फॉरमॅट मारून घेण्याआधी स्क्रीनवरच्या ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काका पहिल्यांदा तोच मागतात.