साडेतीनशे कोटींचे क्लोन आणि उदंतीची म्हैस

वाईट सिनेमाचं खापर पैशाच्या तंगीवर फोडण्याची सवय आता सोडावी. क्लोनिंगवरच्या हेरपटांकडे बघा, खात्री पटेल.

१९८० च्या सुमाराचा ‘द क्लोन्स ऑफ ब्रूस ली’ घ्या. २० जुलै १९७३ ला ब्रूस ली हाँगकाँगमध्ये वारला आणि त्याच्या नावावर धंदा करणाऱ्यांचा नायकच हरपला. मग ब्रूस ले, ब्रूस लाय, ड्रॅगन ली अशा मिळत्याजुळत्या नावांच्या नटांची रांग लागली. या तिघांना एकत्र आणायला कुणीतरी कथा शोधली. गुप्तहेर संस्था मृत ब्रूस लीच्या पेशी मिळवते, एक प्राध्यापक त्यांतून तीन क्लोन उभे करतो. एक जातो सोन्याच्या तस्करांच्या मागावर, दोघे जातात थायलंडला. तिथे एका माथेफिरू डॉक्टरने माणसांना धातूचं अंग देऊन फौज तयार केलेली असते. हे धातूचं अंग म्हणजे उघड्या पाठीवर फासलेला रंग. तिघांत ब्रूस लीसारखा एकही दिसत नाही आणि ते एकमेकांसारखेही दिसत नाहीत. सिनेमा भिकार आहे.

पण त्याच्याकडे पैसाच नव्हता. ११ एप्रिल २०२४ ला आलेल्या ‘बडे मियाँ छोटे मियाँ’ला ही सबब नाही. अक्षय कुमार, टायगर श्रॉफ, खलनायकाच्या भूमिकेत पृथ्वीराज सुकुमारनसारखा कसलेला नट, दिग्दर्शक अली अब्बास जफर. खर्च साडेतीनशे कोटींच्या आसपास झाल्याचं सांगितलं गेलं. विषय तोच, क्लोन केलेले सैनिक आणि त्यांच्या मागे लागलेले दोन जवान. हेलिकॉप्टरं आहेत, स्फोट आहेत. क्लोन म्हणजे काय, तो कसा होतो, झाल्यावर त्याचं काय होतं, यातला एकही प्रश्न त्या सिनेमाला पडत नाही. प्रेक्षकांनी त्याला पाडला आणि योग्य केलं. हाँगकाँगच्या फुटकळ निर्मात्याला जे कळलं नव्हतं, तेच चव्वेचाळीस वर्षांनी मुंबईच्या बड्या निर्मात्यालाही कळलं नाही. म्हणून याची चीड येते.

चूक कुठे होते ते सांगतो. पडद्यावरचा क्लोन काचेच्या नळकांड्यातून थेट तिशीचा, पिळदार दंडांचा, मूळ माणसाच्या आठवणी आणि कसब घेऊन बाहेर येतो. प्रत्यक्षात क्लोन जन्माला येतो तो बाळ म्हणून. डॉली मेंढी सहा वर्षांच्या मेंढीच्या आचळातल्या पेशीपासून झाली, तरी ५ जुलै १९९६ ला ती कोकरू म्हणूनच जन्मली. त्यासाठी २७७ अंडपेशींवर प्रयोग झाला, त्यांतून २९ भ्रूण वाढले आणि जिवंत कोकरू एकच. उरलेल्या अपयशांवर स्वतंत्र चित्रपट होईल, इतकं नाट्य त्यात आहे. दिसण्याचं म्हणाल तर २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीच्या अंगावरचे ठिपके आणि रंग तिच्या मूळ मांजरीसारखे नव्हते. जनुकं तीच, कातडी वेगळी. हुबेहूब दुसरा माणूस तयार करून शत्रूच्या गोटात घुसवायचा, हा या साऱ्या हेरपटांचा पाया. एका मांजरीने तो केव्हाच उखडून टाकला आहे.

आता भोपाळमध्ये राहून मला याचा एवढा राग का येतो, ते सांगतो. या सिनेमांत एक ठरलेला माणूस असतो. पांढरा कोट, एकट्याची प्रयोगशाळा, जग जिंकायची हौस. सगळी आपत्ती त्या एका वेड्याच्या डोक्यातून येते आणि त्याला गोळी घातली की संपते. या शहराने असला चित्रपट मुकाट्याने पाहू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं, तेव्हा तिथे कुणी वेडा शास्त्रज्ञ हसत उभा नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू धुऊन निरुपद्रवी करणारा स्क्रबर राखीव ठेवलेला होता. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळापासून तोडलेला होता. हे सगळं कागदावर होतं, अनेकांना ठाऊक होतं. काटकसर, दुर्लक्ष आणि गुपित यांनी हजारो माणसं मारली. विज्ञानाचं संकट असं येतं, फायलींतून आणि खर्चाच्या तक्त्यांतून. वेड्या शास्त्रज्ञाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारा सिनेमा आपल्याला चुकीच्या माणसावर नजर ठेवायला शिकवतो. त्या कारखान्यासमोरच्या जेपी नगरच्या गल्ल्यांत हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणि खरी गोष्ट शोधायला फार लांब जावं लागत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ ला क्लोन केलेलं म्हशीचं पारडू जन्मलं. ते जेमतेम आठवडाभर जगलं. शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागले, ६ जूनला गरिमा जन्मली आणि दोन वर्षं जगली. २०१० च्या ऑगस्टमध्ये गरिमा-२ आली, तिला २०१३ च्या जानेवारीत महिमा नावाची पारडी झाली. यात सिनेमावाल्यांनी टिपून घ्यावी अशी एक बाब आहे. परदेशात या कामाला महागडी सूक्ष्मयंत्रं वापरतात. कर्नालकरांनी ती टाळली. अंडपेशीतलं केंद्रक काढायचं नाजूक काम सूक्ष्मदर्शकाखाली हाताने, बारीक पात्याने केलं. अंडपेशी कुठून? कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून. कमी पैशांत, हिकमतीने, चुका सोसत केलेलं हे विज्ञान आहे. आपल्याकडचं खरं क्लोनिंग कमी बजेटचं आणि उत्तम आहे, आपला क्लोनपट मोठ्या बजेटचा आणि टाकाऊ आहे.

याच कर्नालमधून पुढची गोष्ट सुरू होते, आणि तिच्यावर एक खराखुरा रहस्यपट व्हायला हवा. छत्तीसगढ २००० पर्यंत आपल्याच राज्यात होतं. तिथल्या उदंती अभयारण्यात रानम्हशी संपत आल्या होत्या. रानम्हैस हा त्या राज्याचा राज्यप्राणी, आणि उदंतीत आशा नावाची एकच मादी उरली होती. तिच्या पेशी कर्नालला नेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये दीपाशा जन्मली. २०१८ मध्ये तिला रायपूरच्या जंगल सफारीत आणलं. ती मोठी होऊ लागली तसा वन्यजीवप्रेमींनी आक्षेप घेतला, की ही रानम्हैस दिसत नाही, ही तर मुऱ्हा वाटते. मुऱ्हा म्हणजे हरियाणाची दुधाळ पाळीव म्हैस, तिची शिंगं आखूड आणि घट्ट वळलेली. रानम्हशीची लांब, दोन्ही बाजूंना पसरलेली. वाद वर्तमानपत्रांत आला.

इथे थांबून विचार करा. एक प्रजाती संपते आहे. सरकार घोषणा करून मोकळं झालं आहे. पिंजऱ्यात एक जनावर उभं आहे आणि ते कोण आहे, यावर माणसांचं एकमत नाही. शिवाय दुसऱ्या म्हशीची अंडपेशी वापरली, की मायटोकॉन्ड्रियातली जनुकं त्या दुसरीची येतात, म्हणजे क्लोनही शंभर टक्के मूळ जनावर नसतोच. हेरकथेला याहून काय लागतं? ओळख पटवायची आहे, पुरावा प्रयोगशाळेत आहे आणि खरं बाहेर पडलं तर कुणाचीतरी खुर्ची अडचणीत येणार आहे. एक जंगल, एक प्रयोगशाळा, एक सरकारी कचेरी, चार चांगले नट. काही लाखांत होईल. हेलिकॉप्टर एकही नको.

हे भोपाळमध्ये का व्हावं? कारण इथे सगळं हाताशी आहे. भौंरीला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, २००८ मध्ये सुरू झालेली. श्यामला हिल्सवर विज्ञान केंद्र आहे. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्था आहे. होशंगाबादच्या खेड्यांतल्या मुलांना स्वतःच्या हाताने प्रयोग करायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाचं काम तिने पुढे नेलं, आणि १९८५ पासून ती ‘चकमक’ मासिक काढते आहे. इथे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, भारत भवन आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव इथल्या मॅनिटच्या आवारात भरला. राज्याला सर्वाधिक चित्रपटस्नेही राज्याचा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला आहे. २०२० मध्ये चित्रपट पर्यटन धोरण आलं, २०२५ मध्ये नवं आलं. अनुदान आहे, परवानग्या सुलभ आहेत, हॉटेलं भरतात. ‘राजनीती’, ‘आरक्षण’, ‘सत्याग्रह’ इथेच चित्रित झाले, तेव्हा गर्दीत उभे राहणारे चेहरे आपले होते. आता कथाही आपली असू द्या.

पैशाचं काय, असं विचाराल तर मालेगावकडे बघा. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांच्या त्या गावात शेख नासिर यांनी तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ केला, ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्या सुपरमॅनचं पडद्यावरचं उडणं बघून तंत्राच्या नावाने कुणी बोटं मोडत नाही, कारण त्यात त्या माणसांचं गाव आणि त्यांची हौस खरी आहे. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, पुढे रीमा कागती यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट केला. पैशावाचून सिनेमा अडत नाही, हे महाराष्ट्रातल्या त्या गावाने दाखवून दिलं आहे.

म्हणून माझं राज्य सरकारकडे एक साधं मागणं आहे. अनुदानाचा हिशोब करताना राज्यात किती दिवस चित्रीकरण झालं ते बघता, तसंच विज्ञानावरच्या चित्रपटाची संहिता शूटिंगआधी एका शास्त्रज्ञाने वाचली का, तेही बघा. कात्री लावायचा अधिकार त्याला देऊ नका, फक्त चर्चेला बसवा. आयसरमधली माणसं नाही म्हणणार नाहीत. दरवर्षी दोन छोट्या विज्ञानपटांसाठी थोडी रक्कम वेगळी काढा आणि ती नव्या मुलांना द्या.

आणि नाट्य विद्यालयातून, माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, मुंबईची गाडी पकडण्याआधी एकदा रायपूरची पकडा. दीपाशाची गोष्ट अजून कुणी पडद्यावर सांगितलेली मला दिसली नाही. तुम्ही सांगा.