हाकलून दिलेला माणूस

"काकू, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडते हं."

"तोड की, विचारतेस काय. ते कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांचं ऐकलंस? धाकटा निघालाच होता अमेरिकेला, बॅगा भरून तयार. आता कंपनी म्हणते, थांब. एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जाला 1 लाख डॉलर! जवळजवळ 90 लाख झाले गं. एवढे पैसे एका माणसापायी कोण भरतंय?"

"ते 2025च्या सप्टेंबरातलं फर्मान ना? सर्वपित्रीच्या तोंडावर निघालं होतं."

"तेच ते. सॅन फ्रान्सिस्कोला विमानात बसलेली माणसं घाबरून खाली उतरली. मग दुसऱ्या दिवशी खुलासा, की जुन्यांना नाही, फक्त नव्यांना. तोवर अर्ध्या कोथरूडचं बीपी वर! आणि तिकडे चीनची गंमत बघ. 1 ऑक्टोबरपासून त्यांनी के व्हिसा सुरू केला. विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या तरुणांनी या, नोकरीचं पत्रसुद्धा नको."

"लागली म्हणायची चीनला लॉटरी."

"अगं, पहिल्यांदा का लागली? चिआन श्युएसेनचं माहीत नाही तुला?"

काकू पस्तीस वर्षं शाळेत गणित-विज्ञान शिकवत होत्या. त्यांनी हातातली झारी कट्ट्यावर ठेवली म्हणजे तास सुरू झाला असं समजायचं.

"1935 साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आलेला पोरगा. कॅलटेकमध्ये प्राध्यापक फॉन कारमानांचा लाडका विद्यार्थी. ती जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे ना, मंगळावर गाड्या पाठवते ती, तिच्या संस्थापकांपैकी एक. 1945मध्ये महायुद्ध संपत असताना याला कर्नलचा गणवेश चढवून जर्मनीत पाठवलं. कशाला? तर वेर्नर फॉन ब्राऊनची उलटतपासणी घ्यायला."

"हिटलरसाठी रॉकेटं बनवायचा तो?"

"तोच. आता नीट ऐक. ब्राऊन नाझी पक्षात, वर एसएसचा अधिकारी. त्याला अमेरिकेनं सन्मानानं घरी आणलं. आणि चिआन, ज्यानं 1949मध्ये नागरिकत्वाचा अर्जसुद्धा भरला होता, त्याच्यावर पुढच्याच वर्षी ठपका, की हा कम्युनिस्ट!"

"नसेल कशावरून पण?"

"तीसच्या दशकात पॅसाडेनात ज्या मित्रांकडे गाण्या-गप्पांना जायचा, त्यांतले काही कम्युनिस्ट निघाले, एवढंच. हेरगिरीचा पुरावा काही सापडला नाही. पण जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या मॅकार्थीचे दिवस! गुप्त कामाचा परवाना काढून घेतला. हा मानी माणूस. म्हणाला, मग मी घरी जातो. तर जाऊही देईनात. सामान जप्त केलं, त्यात म्हणे सांकेतिक लिपीची पुस्तकं सापडली. काय असतील ती?"

"काय?"

"लॉग टेबल!"

"हात् तिच्या!"

"आकड्यांच्या रांगाच रांगा बघून साहेबांना वाटलं, गुपितं आहेत. आमच्या वर्गात मागच्या बाकावरच्यांनाही तसंच वाटायचं, ते सोड. दोन आठवडे कोठडी, मग पाच वर्षं घरातच अडकवल्यासारखं. बायको गायिका, ऑपेरा गाणारी, दोन लहान मुलं. शेवटी त्यानं सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर चिठ्ठी लिहिली आणि बेल्जियममधल्या मेहुणीच्या पत्रात घालून पाठवली. ती फिरत फिरत पोचली चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्यापर्यंत."

"आणि?"

"आणि सौदा. चीननं पकडलेले अमेरिकन वैमानिक सोडले, अमेरिकेनं चिआनला. सप्टेंबर 1955मध्ये लॉस एंजेलिसहून सगळं कुटुंब बोटीत बसलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फॉन ब्राऊन अमेरिकन नागरिक झाला होता! नाझी घरातला आणि घरचा बाहेर. नौदलाचा डॅन किंबल आधीपासून ओरडत होता, हा एकटा सैन्याच्या कित्येक तुकड्यांच्या तोलाचा आहे म्हणून. कोण ऐकतंय."

"मग चीनमध्ये काय केलं त्यानं?"

"काय नाही केलं! क्षेपणास्त्रांचा सगळा कार्यक्रम उभा केला. 1970च्या एप्रिलमध्ये चीनचा पहिला उपग्रह वर गेला. पण तोही काही साधुसंत नव्हता हं. 1958मध्ये वर्तमानपत्रात लिहून बसला, की सूर्यप्रकाशाच्या हिशेबानं धान्य कितीतरी पट पिकू शकतं. माओला तेवढंच हवं होतं. पुढे दुष्काळात कोट्यवधी मेले. हुशार माणूससुद्धा सरकारच्या सुरात सूर मिसळतो तो असा."

"आता नाही व्हायचं असलं काही."

"होतंय की! 2018मध्ये अमेरिकेनं चिनी हेर शोधायची मोहीम काढली. एमआयटीचे गांग चेन, अमेरिकन नागरिक, 2021च्या जानेवारीत अटक, वर्षभरात सगळे आरोप मागे. मोहीमच गुंडाळली. चेन राहिले, पण बाकीच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चीन 2008पासून परदेशातल्या आपल्या शास्त्रज्ञांना पैसे, प्रयोगशाळा, सगळं देऊन बोलवत होता. त्या पैशानं जेवढे आले नसतील तेवढे या संशयानं आणले असतील, असं आपलं माझं मत."

"म्हणजे आता सगळे चीनलाच जाणार?"

"छे! के व्हिसा निघाला तर तिथल्याच पदवीधरांनी ओरड केली, आम्हाला नोकऱ्या नाहीत आणि बाहेरच्यांना कसली आमंत्रणं. युरोपही गळ टाकून बसलंय. 2025च्या मे महिन्यात 50 कोटी युरो काढले संशोधकांसाठी. जर्मनी तर आपल्या लोकांना वर्षाला 20 हजारांऐवजी 90 हजार व्हिसा देणार म्हणते."

"आणि आपण?"

"आपल्याला कुणाला हाकलावं लागत नाही बाई. चकल्यांचा डबा देऊन विमानतळावर सोडून येतो. फेलोशिपसाठी पीएचडीची पोरं आझाद मैदानात उपोषणाला बसली होती, आठवतं? माझा एक विद्यार्थी होता त्यात. कधीच बाकाखाली लपला नाही, असला गुणी."

"कुठे असतो आता?"

"कुठे असणार, म्युनिकला! आणि बायकोही तिकडचीच केलीन. आईला कळलं तेव्हा काय तमाशा झाला, तुला ठाऊक नाही? ये, आत ये, चहा टाकते."