मीठ घरी करावे कसे: नवशिक्यांसाठी, अगदी अणूपासून

ही कृती मीठ मुळापासून करू पाहणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना बांगड्यांना लावायला मूठभर हवे आहे त्यांनी शिरोड्याच्या मिठागरावर जावे आणि पिशवी भरून आणावी. पण शाळेच्या पुस्तकातली सोडिअमकडून क्लोरीनकडे बाण दाखवणारी ती आकृती पाहून, समोर एवढा दर्या असताना आपणही हे एकदा करावे असे ज्यांना वाटले असेल, त्यांनी वाचत राहावे. करून मात्र पाहू नये. का, ते साहित्यापाशीच कळेल.

साहित्य

सोडिअम 23 ग्रॅम, क्लोरीन 35.5 ग्रॅम. नीट जुळून आले तर यातून साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ पडते. कैरीच्या एका बरणीलाही ते पुरायचे नाही, पण नवशिक्याने सुरुवात लहानच करावी.

सोडिअम मालवणच्या बाजारपेठेत मिळत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेले असते. धातू असूनही सुरीने कापता येते. कापलेली बाजू क्षणभर लखलखते आणि बघता बघता मळते, कारण हवा लागली की ते स्वस्थ बसत नाही. पाण्यापेक्षा हलके असल्याने पाण्यात टाकले तर तरंगते, उष्णतेने वितळून त्याची गोळी होते, गोळी सैरावैरा धावते, हायड्रोजन सुटतो आणि बहुतेक वेळा पेट घेतो. म्हणून ही कृती मृग नक्षत्रापासून नवरात्रापर्यंत कोकणात करू नये. ओल्या हाताने तर कधीच करू नये.

क्लोरीन हा हिरवट पिवळा वायू. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो वाऱ्यावर सोडला आणि आधुनिक युद्धात विषारी वायूचा मोठा वापर सुरू झाला. तेव्हा 'खिडक्या उघड्या ठेवाव्यात' एवढी सूचना इथे पुरेशी नाही.

एक पेटणारा धातू आणि एक घुसमटवणारा वायू घेऊन आपण सोलकढीत घालायचे काहीतरी करणार आहोत, हे घरच्यांना आधी सांगू नये.

पायरी पहिली: मोजणी

अणूत इलेक्ट्रॉन कवचाकवचांत असतात. सोडिअममध्ये 2, 8, 1. क्लोरीनमध्ये 2, 8, 7. आपल्या कामाचे ते फक्त सर्वांत बाहेरच्या कवचातले. त्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. आतले दहाचे दहा बसल्या जागचे हलत नाहीत, मिठाच्या कामात तर नाहीच नाही. बाहेर आठ झाले की अणू शांत होतो. सोडिअमला एक जास्त, क्लोरीनला एक कमी. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे.

पायरी दुसरी: देवाणघेवाण

इथे पुस्तक एकदम भाविक होते. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन 'देऊन टाकते', क्लोरीन तो 'स्वीकारतो', दोघांचे अष्टक पूर्ण होते, दोघे समाधानी. वाचणाऱ्याला वाटते, सोडिअम म्हणजे कर्णाचा अवतार.

नवशिक्याने जमाखर्च मांडून पाहावा. एक मोल सोडिअमचा हिशेब किलोज्यूलमध्ये असा. घट्ट धातूतून सुटे अणू करायला सुमारे 107 खर्च. क्लोरीनचे अणू जोडीजोडीने असतात, ती जोडी फोडायला 122. आणि सोडिअमकडून तो एकुलता इलेक्ट्रॉन काढून घ्यायला 496. आपण होऊन देणाऱ्याकडून घ्यायला एवढे पडत नाहीत. एकूण खर्च 725. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर तो परत देतो फक्त 349. म्हणजे 376 ची चक्क खोट. देवाणघेवाण एवढीच असती तर जगात मीठ झालेच नसते आणि सोडिअम आपला इलेक्ट्रॉन कवटाळून बसले असते.

खोट भरून निघते ती पुढे. इलेक्ट्रॉन गेलेले सोडिअम धन आयन होते, इलेक्ट्रॉन घेतलेला क्लोरीन ऋण. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, आणि ही ओढ दोघांपुरती राहत नाही. आंगणेवाडीची जत्रा दोन माणसांच्या भेटीने होत नाही, गर्दी जमावी लागते. तसे इथे असंख्य आयन चारी बाजूंनी एकमेकांत रचले जातात, आणि त्या रचनेतून 787 किलोज्यूल बाहेर पडतात. 376 ची खोट वजा करून 411 शिल्लक. हा सगळा नफा ओढीचा आहे, आणि गर्दीने तो वाढतो. आयनिक बंध म्हणजे इलेक्ट्रॉन देणे-घेणे असे जे आपण पाठ केले, ते म्हणजे दुकान उघडण्याआधीचा खर्च; बंध खरा त्यानंतरच्या ओढीत आहे. माझ्या मते पुस्तकात बाण छोटा आणि ही गर्दी मोठी काढायला हवी. पण आकृत्या काढणारे मला विचारत नाहीत.

पायरी तिसरी: मिठाचा रेणू शोधणे

ही पायरी गाळली तरी चालेल, कारण मिठाचा रेणू मिठाच्या खड्यात सापडत नाही. 1913 मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी खड्याच्या आत पाहिले. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम. कोणाचा क्लोरीन कोणता, हे सांगायची सोय नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे इंग्लंडमधले मातब्बर रसायनतज्ज्ञ यावर इतके चिडले की 1927 मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये मिठाची बाजू घेऊन तक्रार छापली; मिठाला बुद्धिबळाचा पट करून टाकले हे त्यांच्या बुद्धीला पटेना. पण खडा पटासारखाच निघाला. मिठागरावरचा टपोरा खडा तळहातावर घेऊन पाहा, त्याच्या कडा काटकोनातच असतात. हा खडा वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतात, म्हणून कढईत मीठ भाजले तरी ते वितळत नाही. कोरड्या खड्यातून वीज जात नाही, पाण्यात विरघळला की जाते, कारण तेव्हा आयन मोकळे फिरतात. हे घरच्या प्लगला तारा लावून पडताळू नये.

पायरी चौथी: तो इलेक्ट्रॉन डोळ्यांनी पाहणे

सोडिअमचा संयुजा इलेक्ट्रॉन पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. माशाची कढी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत पिवळीधमक होते. त्या आचेत मिठातल्या काही सोडिअम आयनांना त्यांचा इलेक्ट्रॉन क्षणभर परत मिळतो, तो उष्णतेने वरच्या पातळीवर चढतो, खाली उतरताना पिवळा उजेड टाकतो. कढी सांडल्याबद्दल बोलणी खाताना हे स्पष्टीकरण द्यावे. उपयोग होतोच असे नाही.

त्याच पिवळ्याने आपल्या जिल्ह्याला एक वायू चिकटवला. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रकाशात सोडिअमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारी तिसरी पिवळी रेषा दिसली. ती सोडिअमची नव्हती. नॉर्मन लॉकयर यांनी ती त्याच वर्षी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, पाहिली आणि त्या अनोळखी मूलद्रव्याला हेलिअम नाव पडले. विजयदुर्गावर दर 18 ऑगस्टला हेलिअमचा दिवस साजरा होतो आणि साहेबाने दुर्बिणी लावल्याचे ओटे दाखवतात. लॉकयर विजयदुर्गाला आले खरे, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर रॅमझे यांनी हेलिअम पृथ्वीवरही शोधून तीन वर्षे झाली होती. तारीख थोडी सरकली म्हणून ओट्यांचा मान कमी होत नाही. आपल्या कृतीच्या दृष्टीने हेलिअमचे महत्त्व एवढेच, की त्याचे पहिले कवच दोन इलेक्ट्रॉनांनीच भरलेले असते. त्याला कोणाला काही द्यायचे नाही आणि कोणाकडून घ्यायचे नाही. त्यामुळे त्याच्यापासून मीठ, साखर, लोणचे काहीच होत नाही.

पायरी पाचवी: आधीच्या सगळ्या पायऱ्या रद्द

आता खरी कृती. शिरोड्याच्या मिठागरावर कोणाला विचारलेत की सोडिअमचा इलेक्ट्रॉन क्लोरीनला कसा देता, तर उत्तर साधारण असे येईल: "मीठ दर्यात असताच. आमी फकत पाणी घालवतंव."

याहून नेमके रसायनशास्त्र मी कुठे वाचलेले नाही. समुद्रात सोडिअम धातू नाही आणि क्लोरीन वायूही नाही. आहेत ते आयन. सोडिअमचे आयन नद्यांनी खडकांतून धुऊन आणले, आणि खडकातही ते आयनच होते. क्लोरीन बहुतेक ज्वालामुखींच्या वायूंबरोबर पृथ्वीच्या पोटातून आला. देवाणघेवाण कधीच उरकलेली आहे. मीठवाला फक्त मधले पाणी काढतो, म्हणजे आयन एकमेकांना सापडतात.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांतले सुमारे 27 ग्रॅम आपले मीठ. किलोभर मिठासाठी 35-40 लिटर पाणी तरी धरावे. ते चुलीवर पातेल्यात पार आटवू नये. मिठाबरोबर बाकीचे क्षारही तळाशी बसतात आणि आमटी कडवट होते. उन्हात, वाफ्यावाफ्यातून पुढे नेत आटवावे, कारण क्षार एका वेळी खाली बसत नाहीत. पाणी दाट होत गेले की आधी कॅल्शिअमचा चुना आणि मग जिप्सम बसते. मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरतो तेव्हा मीठ पडू लागते. घनता मोजायची काचेची नळी तेव्हा बॉमेच्या मापाने 25 च्या वर दाखवते. ती 30 च्या आसपास आली की मीठ ओढून घ्यावे आणि उरलेले पाणी सोडून द्यावे.

त्या उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशिअम असते. त्याची मांडणी 2, 8, 2. दोन संयुजा इलेक्ट्रॉन जातात, म्हणून एका मॅग्नेशिअमला दोन क्लोरीन लागतात आणि त्याच्या आयनावर दुप्पट प्रभार येतो. आयन लहान, प्रभार दुप्पट, त्यामुळे तो पाण्याला घट्ट धरतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेल्याशिवाय पाझरत नाही. मॅग्नेशिअम क्लोराइड 33 टक्क्यांपासूनच ओलावा ओढू लागते. आषाढात बरणीतल्या खडेमिठाचे पाणी झाले की आपण हवेला दोष देतो. अर्धा दोष मॅग्नेशिअमचा असतो. खडेमीठ म्हणूनच झाकणाच्या बरणीत ठेवावे.

एक कायदेशीर सूचना, आता कालबाह्य. 1882 च्या कायद्याने सरकारी परवान्याशिवाय मीठ करणे गुन्हा होता. दांडीला 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी मीठ उचलले आणि पुढच्याच महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. शिरोडा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सत्याग्रहींनी रसायनशास्त्राच्या हिशेबाने एकही इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे केला नव्हता. पाणी उडून गेल्यावर आपसूक रचलेले आयन त्यांनी मुठीत घेतले, एवढ्यासाठी लाठ्या आणि तुरुंग. सरकारचा कर सूर्यप्रकाशाने पाणी उडण्यावर होता म्हणायला हरकत नाही.

विद्यार्थ्यांसाठी शेवटची सूचना. पेपरात 'सोडिअम इलेक्ट्रॉन देते, क्लोरीन घेतो' हेच लिहा, बाण काढा, एकाचे इलेक्ट्रॉन टिंबांनी आणि दुसऱ्याचे फुल्यांनी दाखवा, धन आणि ऋण चिन्हे विसरू नका. जमाखर्च आणि आंगणेवाडी उत्तरपत्रिकेत आणू नका, तपासणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. आणि मीठ हवे असेल तर पाऊस लागायच्या आत शिरोड्याला जाऊन या. एकदा पाणी चढले की पुढचा हंगाम थेट थंडीनंतर.