अव्वल, दोयम, सोयम

गेल्या महिन्यातील एका गुरुवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, मी गालांना साबण लावून आरशासमोर उभा असताना आमच्या अध्यक्षांनी दूरध्वनी करून मला असे कळविले की, महत्त्वाच्या कार्याकरिता आजपासून ते आपला वेळ मोकळा करणार असून त्याविषयी खल करण्यासाठी मी असेन तसा वर निघून यावे. हा खल साडेअकरापर्यंत चालला. त्यात मोकळा झालेला वेळ कोणाचा आणि खर्ची पडलेला कोणाचा, याचा ताळेबंद मला अद्याप लागलेला नाही. साबण मात्र गालांवरच वाळला.

हे अध्यक्ष कोण, हे वाचकांना सांगावयास नको. ज्या गृहनिर्माण संस्थेत, वाचनालयात किंवा गणेश मंडळात असा एकही गृहस्थ नाही, ती संस्था कागदावरच असली पाहिजे. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता असून सिडकोतील आमच्या चार मजली इमारतीचे अध्यक्षपद, एका वाचनालयाचे कार्याध्यक्षपद आणि जिथे सभा तिथे अध्यक्षीय समारोप, एवढा भार ते वाहतात. चिटणीस मी आहे. म्हणजे त्यांनी जो भार उतरविला असे जाहीर केलेले असते, तो माझ्या डोक्यावर असतो आणि त्याची एक कड त्यांनी सोडलेली नसते.

त्यांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते. त्या राज्यात जिल्ह्याच्या कलेक्टरास अव्वल तालुकदार म्हणत व त्याच्या हाताखाली दोयम आणि सोयम तालुकदार असत; निजामशाही 1948 साली गेली, पण ही उतरंड अध्यक्षांच्या घरी सुखरूप राहिली. पुढे कोठल्याशा व्यवस्थापन-शिबिरात त्यांना आयझेनहॉवर यांच्या नावाने चालणारी ती तातडीच्या आणि महत्त्वाच्या कामांची चार घरांची चौकट दाखविण्यात आली, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षास जिला चार घरे लागली ती गोष्ट आपल्याकडे तिनांतच भागत होती, असा शेरा मारून त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही बाहेर काढली. तिचे तीन भाग होते, अव्वल, दोयम आणि सोयम. आणि वहीला दोऱ्याने एक लाल-निळी पेन्सिल बांधलेली होती. नेत्याने फक्त अव्वल कामे करावीत, दोयम कामांवर नजर ठेवावी आणि सोयम कामे दुसऱ्याच्या हवाली करून ती विसरून जावीत, हा त्यांचा सिद्धान्त होय.

यातील ‘विसरून जावीत’ एवढाच भाग त्यांना आजवर साधलेला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा गेला, तेव्हा त्यांनी पेन्सिलीचे निळे टोक उचलून "सोयम!" असा निवाडा दिला आणि काम रखवालदाराकडे सोपविले. मग कोणता दिवा आणावयाचा हे रखवालदारास समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, त्यास समजले की नाही हे मला विचारण्यात पाऊण तास गेला, आणि अखेर अध्यक्ष स्वतः रखवालदाराला पाठीशी बसवून गुलमंडीला गेले व तीन दुकाने पालथी घालून तिन्ही भाव वहीत टिपून परतले. दिवा लागला. त्या रात्री आपला किती वेळ वाचला हे त्यांनी मला जिन्यातच उभे करून, त्याच दिव्याखाली, सांगितले.

एकदा त्यांनी आपल्या दारावर पाटी लावली: ‘अव्वल कार्यात व्यग्र. सोयम कामांसाठी चिटणिसांस भेटावे.’ लोक मला भेटू लागले. परंतु आमच्या अंगणात गाडी कोठे लावावी यावरून दोघांत बोलाचाली झाली, आणि मी तोंड उघडणार तोच वरच्या खिडकीतून "पांढरी गाडी दोन हात मागे घ्या!" अशी आकाशवाणी झाली. मी वर पाहिले. खिडकी तत्काळ बंद झाली, आणि बंद काचेमागून "सोयम, सोयम!" असे पुटपुटणे मला स्पष्ट ऐकू आले.

या शहराच्या मातीतच काही गुण असावा. ज्याच्या नावाने ते परवापरवापर्यंत ओळखले जाई, त्या बादशहाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत घालविली. 1695 साली गलगल्याच्या छावणीत त्याला पाहिलेला जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी लिहून गेला आहे की, सत्तरी केव्हाच ओलांडलेला तो वृद्ध चष्म्यावाचून अर्ज वाचून त्यांवर स्वहस्ते शेरे लिहीत होता. सल्तनत खिळखिळी होत होती आणि आलमगीर सोयम कामे उरकीत होता! याच शहरात अठराव्या शतकातली पाणचक्कीही आहे. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पाडून तेथे जाते फिरविले, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांचे आणि वाटसरूंचे दळण परस्पर निघाले, आणि फकीर नामस्मरणास मोकळे झाले. वेळ मोकळा करण्याचा याहून शहाणा इलाज मला ठाऊक नाही. मी तो अध्यक्षांच्या कानावर घातला. ते बराच वेळ विचारात पडले, आणि मग म्हणाले, "अहो, पण जात्यात धान्य कोण घालीत असे? त्याच्यावर देखरेख कोणाची?"

पण कबूल करणे भाग आहे. परवाच्या नोव्हेंबरात ते तीन आठवडे मुलीकडे नाशिकला गेले, आणि आमची इमारत उघडी पडली. पैठणला नाथसागर शंभर टीएमसी पाणी पोटात घेऊन बसला असला, तरी पन्नास किलोमीटरांवरच्या आमच्या नळाला ते कित्येक दिवसांनी एकदा येते. आणि आले की चौथ्या मजल्याचा व्हॉल्व्ह आधी पाऊण फेरा उघडून, तळमजल्याचा दाबून, वीस मिनिटांनी उलट करावयाचा असतो, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या आजी दोन पाळ्या कोरड्या राहिल्या. त्याच सुमारास इमारतीतले पाच निवृत्तिवेतनधारक माझ्या दारी आले: हयातीच्या दाखल्यासाठी दरसाल अध्यक्ष त्यांना दोन रिक्षांत घालून बँकेत नेतात, तर यंदा कोण नेणार? मी ते काम वहीत शोधले असते तर ते कोणत्या भागात सापडले असते, हे मला सांगावे लागत नाही. रांगेत मी सव्वातीन तास उभा होतो.

ते परतले त्या संध्याकाळी, काहीशा कृतज्ञतेने आणि बऱ्याचशा रागाने, मी त्यांना विचारलेच की, ज्याच्यासाठी हा सारा वेळ मोकळा करावयाचा ते अव्वल कार्य तरी कोणते? त्यांनी वही माझ्यापुढे सरकविली. दोयम आणि सोयम हे भाग कितीदा तरी भरून मागे नवे कागद शिवलेले होते. अव्वलचे एकच पान लिहिलेले होते. वर तारीख होती, 17 सप्टेंबर 1998, मुक्तिदिनाचा सुवर्णमहोत्सव. आणि खाली अकरा नावे. कोणी सरहद्दीवरच्या शिबिरात होता, कोणी रझाकारांच्या दिवसांत निरोप पोहोचविणारा पोर होता, कोणी नुसताच तुरुंगात बसला होता. या माणसांकडे जाऊन त्यांच्या तोंडून सगळे उतरवून घ्यावयाचे, एवढेच ते कार्य. अकरांपैकी दहा नावांवर लाल टोकाची रेघ होती. काही रेघा सरळ होत्या. शेवटच्या दोन थोड्या कापऱ्या.

"अकरावे?" मी विचारले.

"शहागंजात असतात. नव्वदी उलटली, पण आवाज खणखणीत." मग पेन्सिल उगाच फिरवीत म्हणाले, "उद्याच जायला पाहिजे. पण उद्या पाण्याचा दिवस."

"पाणी मी बघतो," मी म्हणालो. असे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला ठाऊक नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे, सोने दुसऱ्याच्या घरी ठेवावयास निघालेला माणूस पाहतो तसे पाहिले. नंतर खाली नेऊन, विजेरीच्या उजेडात, पाऊण फेरा म्हणजे किती हे त्यांनी मला रात्री सव्वादहापर्यंत शिकविले.

सकाळी आठ वाजता ते रिक्षात बसून गेले. कोरी वही, दोन लेखण्या आणि ध्वनिमुद्रणासाठी नातवाकडून मागून घेतलेला मोबाइल, असा सरंजाम बरोबर होता. मी व्हॉल्व्हपाशी पाना घेऊन उभा राहिलो. पाणी आले, मी मोजून पाऊण फेरा दिला, आणि वरून आजींनी "आलं हो!" अशी हाक दिली तेव्हा मला, सांगावयास हरकत नाही, थोडे अध्यक्षासारखे वाटले.

पावणेनऊला रिक्षा फाटकाशी परत उभी. अध्यक्ष कोरी वही काखेत घेऊन उतरले, रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून हुज्जत घालण्याचेही विसरले, आणि सरळ टाकीपाशी आले.

"भेटले नाहीत?"

"भेटले की. हंडा घेऊन दारातच उभे होते. म्हणाले, आज आमच्याकडंही नळ आहे, असल्या किरकोळ कामाला पुढच्या आठवड्यात या."

आणि माझ्या हातातला पाना काढून घेऊन त्यांनी तळमजल्याचा व्हॉल्व्ह आणखी थोडासा दाबला.