वाऱ्यावर सोडलेला तंबू

वादळांचं बारसं करायची प्रथा ब्रिटनच्या हवामान खात्याने 2015 साली सुरू केली. दर सप्टेंबरात नवी यादी निघते आणि 'ए'पासून एकेक नाव खर्ची पडतं. 2022-23च्या यादीतलं पहिलं नाव अँटनी. ते वापरायची वेळ आली थेट ऑगस्टात. अकरा महिने पडून राहिलेलं हे नाव 5 ऑगस्ट 2023ला, शनिवारी, शाळांच्या ऐन सुट्टीत नैर्ऋत्य वेल्सच्या किनाऱ्यावर आलं. तिथे आमची कॅरॅव्हॅन उभी होती आणि तिला ऑनिंग लावलेली होती.

ऑनिंग म्हणजे कॅरॅव्हॅनची पडवी. गाडीच्या वरच्या कडेला एक पन्हळ असते. तिच्यात कापडाची जाड कड ओवायची, आत खांब लावायचे, बाहेर खुंट्या ठोकायच्या. वाऱ्यासाठी वरून टाकून जमिनीला आवळायचे वेगळे पट्टेही मिळतात. ते मी पिशवीतून काढलेच नव्हते. पुण्यात गल्लीतल्या गणपतीचा मांडव घातलेल्या माणसाला पट्ट्यांची काय मातब्बरी! (मी काथ्याचं टोक धरून उभा असायचो, गाठ दुसराच मारायचा. पण वेल्समध्ये हे कोण सांगायला येतंय?)

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचे आजोबा स्वतःची ऑनिंग उतरवता उतरवता म्हणाले, "उद्या जरा वारा असेल म्हणतात." मी म्हटलं, "बरं होईल, उकाडा कमी होईल." या देशात 'जरा वारा' म्हणजे काय, हे कळायला इथेच जन्मावं लागतं. हवामान खात्याचा इशारा अंबर होता, पिवळ्याच्या वरचा. लाल नाही ना, मग झालं, असा मी निकाल दिला आणि सकाळी आम्ही पेम्ब्रोकचा किल्ला बघायला गेलो. सातवा हेन्री 1457 साली तिथे जन्मला. बुरुजावरून मी वाऱ्याचा अंदाजही घेतला. किल्ला जागचा हलत नव्हता, म्हणून निर्धास्त झालो.

परत आलो तर चार अनोळखी माणसं भर पावसात आमच्या कापडावर आडवी पडली होती. निम्मं कापड पन्हळीतून सुटलं होतं, उरलेलं पन्हळीसकट निघालं होतं. एक खांब आजोबांच्या गाडीच्या बॉनेटवर. मी पहिला प्रश्न विचारला, "आमच्या खुंट्या कुणी उपटल्या?"

कुणीच उत्तर दिलं नाही. आजोबांनी चहा दिला.

पुढे जबाबदारीची वाटणी मी मोठ्या निःपक्षपातीपणे केली. थोडी हवामान खात्याची, कारण इशारा पुरेसा लाल नव्हता. थोडी जागेच्या व्यवस्थापकाची, कारण समुद्राकडची जागा मी मागितली तरी त्याने द्यायला नको होती. बरीचशी आजोबांची, कारण ते हळू बोलले. विमा कंपनीने मात्र एक कलम दाखवलं. त्यात, देखरेखीला कुणी नसताना उभ्या ऑनिंगचं वादळात झालेलं नुकसान बसत नव्हतं. बॉनेटच्या बाबतीत 'हा तर दैवी कोप' असं मी बायकोला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "दैवाने आदल्या दिवशी कळवलं होतं. आणि तुझ्या त्या मांडवात पोरं रात्रभर पत्ते कुटत बसायची ना? वारा सुटला की बांबूला लोंबकळायची. इथे कोण होतं लोंबकळायला?"

बॉनेटचे पैसे मी दिले. त्या दिवशी डेव्हनमधल्या बेरी हेडला ताशी 78 मैलांचा झोत नोंदला गेला. हा आकडा मी येईल-जाईल त्याला सांगतो. बेरी हेड आमच्या तंबूपासून समुद्रापलीकडे होतं, हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

तुम्ही कॅरॅव्हॅन घेऊन निघणार असाल तर इशाऱ्याचा रंग न बघता खांब काढून कापड जमिनीवर निजवा, मग खुशाल किल्ले बघा. आणि एक बाजू शाबूत असलेली ऑनिंग कुणाला हवी असेल तर कळवा. पट्टे कोरे करकरीत आहेत. न्यायचा खर्च तुमचा.