एका लिटराचे हक्कदार

(सन 2021 च्या श्रावणातील एक संध्याकाळ. परभणी शहरातील एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली, पावसाची सर ओसरावी यापेक्षा रांग पुढे सरकावी या अपेक्षेने, दोन गृहस्थ आपापली दुचाकी धरून तिष्ठत आहेत. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, ज्यांना प्रत्येक अन्यायाचे मूळ हुडकून काढल्यावाचून अन्न गोड लागत नाही. दुसरे कोषागारातून निवृत्त झालेले रावसाहेब, ज्यांची अशी अढळ श्रद्धा आहे की, ज्याला शासन निर्णयाचा क्रमांक आहे तो अन्याय असूच शकत नाही. फलकावरील दराने शंभरी केव्हाच ओलांडली आहे.)

गुरुजी : रावसाहेब, आपण सारी हयात सरकारी खजिन्याच्या सावलीत काढलीत, म्हणून विचारतो. सबंध महाराष्ट्रात पेट्रोल महाग व्हायचे म्हटले की पहिला मान बहुधा परभणीचाच असतो. आमच्या जिल्ह्याने असा कोणता अपराध केला आहे?

रावसाहेब : अपराध नव्हे, अंतर! मुंबईस माहुलच्या कारखान्यात शुद्ध झालेले तेल भूमिगत नळाने मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोपर्यंत येते, आणि तेथून पुढे टँकरमध्ये बसून, सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता तुडवीत आपल्या गावी रुजू होते. आता त्या टँकरलाही डिझेल लागणारच की!

गुरुजी : म्हणजे तेल आणताना जे तेल जळते, त्याची भरपाईही आम्हीच करायची?

रावसाहेब : निजामाच्या अमदानीत अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याची चंदी रयतच पुरवीत असे. वहिवाट जुनी आहे.

गुरुजी : पण या चंदीने फरक पडून पडणार रुपया-दोन रुपयांचा. उरलेल्या शंभराची कैफियत काय?

रावसाहेब : भाव जागतिक आहे, गुरुजी. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा 80 हून अधिक तेल परदेशांतून येते, आणि त्याची किंमत डॉलरांत मोजावी लागते. आखातात खट्ट वाजले की परभणीत दचकावे लागते. त्याला इलाज नाही.

गुरुजी : हे जागतिकपण मी गेल्या वर्षी पारखून घेतले. 2020 च्या एप्रिलमध्ये, 20 तारखेस, अमेरिकेतील कच्च्या तेलाचा वायदेभाव पिंपामागे उणे 37 डॉलरांच्याही खाली गेला. विकणारा तेल देऊन वर पैसेही देऊ करीत होता. तेव्हा माझ्या भाबड्या मनाने असा हिशेब मांडला की, तिकडे एवढी सुबत्ता आहे तर तिचे चार शिंतोडे आमच्या टाकीतही पडतील. पडले काय? मार्चमध्ये अबकारी कर लिटरमागे 3 रुपयांनी वाढला होताच. मे उजाडताच तो आणखी 10 रुपयांनी वाढला!

रावसाहेब : तथापि त्या 10 रुपयांपायी फलकावरचा आकडा तसूभर हलला नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरता. भाव उतरावयाचा होता, तो फक्त उतरू दिला नाही. रयतेला कळू न देता वसूल करणे, यालाच आमच्या खात्यात कौशल्य म्हणत.

गुरुजी : अस्से! म्हणजे चढताना भाव अरबस्तानचा, आणि उतरू लागला की दिल्लीचा!

रावसाहेब : भाषा कडवट आहे, नोंद मात्र बिनचूक आहे. दिल्लीचा वाटाच ऐकायचा असेल तर आज तो लिटरमागे 32 रुपये 90 पैसे आहे. पैकी मूळ अबकारी अवघी 1 रुपया 40 पैसे. विशेष अतिरिक्त अबकारी 11 रुपये. रस्ते व पायाभूत सुविधा उपकर 18 रुपये. आणि शेतीसाठीचा उपकर अडीच रुपये.

गुरुजी : मूळ एवढे बारीक आणि पारंब्या एवढ्या जाड, हा कोणता वटवृक्ष?

रावसाहेब : मुळातला हिस्सा राज्यांना वाटून द्यावा लागतो, पारंब्यांतला द्यावा लागत नाही. खजिन्यात नोकरी केलेल्या माणसाला यापेक्षा अधिक खुलाशाची जरुरी पडत नाही.

गुरुजी : रस्त्यांसाठीचे ते 18 रुपये मी लिटरागणिक भरतो, आणि शाळेच्या वाटेवर खड्डे चुकवीत चुकवीत ते कोठे पडले असतील याचा तपासही करतो. बरे, राज्याचे काय?

रावसाहेब : मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशी काही शहरे वगळता शेकडा 25 मूल्यवर्धित कर, आणि शिवाय लिटरमागे 10 रुपये 12 पैसे.

गुरुजी : शेकडा 25, पण कशावर? मूळ किमतीवर?

रावसाहेब : अबकारीसकट झालेल्या रकमेवर.

गुरुजी : म्हणजे केंद्राला दिलेल्या करावरही राज्याला कर!

रावसाहेब : केंद्राची रक्कम वगळून हिशेब करणे हा केंद्राचा उपमर्द ठरला असता.

गुरुजी : आणि ते 10 रुपये 12 पैसे?

रावसाहेब : त्या रकमेला इतिहास आहे. 2015 साली राज्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्याच्या निवारणार्थ पेट्रोलावर लिटरमागे 2 रुपये वाढविण्यात आले.

गुरुजी : (छत्रीचे पाणी झटकीत) 2016 साली पाऊस तर उत्तम झाला होता! तेव्हा ते 2 रुपये उठले का?

रावसाहेब : तात्पुरता कर आणि इनाम जमीन, दोहोंचा धर्म एकच, एकदा नावावर चढली की पुढे वंशपरंपरा. 2017 साली महामार्गांलगतची मद्याची दुकाने न्यायालयाच्या निकालाने बंद झाली, महसूल बुडाला, आणि पेट्रोलावर आणखी 3 रुपये चढले. निदान वृत्तपत्रांनी कारण तरी तेच छापले.

गुरुजी : मी जन्मात सुपारीचेसुद्धा व्यसन केले नाही, रावसाहेब. म्हणजे दारू पिणाऱ्यांची सुटली, आणि प्रायश्चित्त माझ्या स्कूटरला! बरे, 2017 च्या जूनपासून भाव रोज सकाळी 6 वाजता बाजाराप्रमाणे बदलतो म्हणतात. मग यंदा बंगालात मतदान चालले असता तो वर सरकण्याचे नाव का घेत नव्हता? 2 मेला निकाल लागला आणि 4 मेला त्याला चढण फुटली!

रावसाहेब : आचारसंहितेचे एवढे मनोभावे पालन दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गुरुजी : आणि वस्तू व सेवा करात पेट्रोल का घेत नाहीत?

रावसाहेब : केंद्र आणि राज्ये यांचे सर्व बाबतींत भांडण आहे, ही एकच बाब अशी की, जीत दोघांचेही हित पेट्रोल बाहेर राहण्यात आहे. देशातील हे शेवटचे ऐक्य आपण का मोडता? शिवाय गुरुजी, आपला पगार कोठून होतो?

गुरुजी : (चपापून) राज्याच्या तिजोरीतून.

रावसाहेब : आणि माझी पेन्शनही. मग ही वसुली कोणासाठी चालली आहे?

गुरुजी : म्हणजे मी आपलाच पगार पंपावर भरतो, तो मनमाड, मुंबई करीत पहिल्या तारखेस मजकडे परत येतो, आणि वाटेत जो सांडतो तो राष्ट्रकार्यार्थ!

रावसाहेब : आता आपल्याला राज्यकारभार कळू लागला. आणखी असे पाहा, महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. केंद्राने जुलैत तो 17 टक्क्यांवरून 28 वर नेला. राज्यही मागोमाग नेईल.

गुरुजी : (आवाज एकदम मृदू होऊन) नेईल म्हणता? मग... आखातातील परिस्थिती आणखी काही दिवस अशीच राहील, असा आपला अंदाज आहे का?

पंपावरचा पोरगा : काका, पुढं घ्या ना, मागचे हॉर्न वाजवायलेत. कितीचं टाकू?

गुरुजी : टाक दोनशेचे. का रे, भाव उतरला तर तुझ्या मालकाला आनंदच होत असेल?

पोरगा : कशाचा आनंद! काल जास्त भावानं भरलेला माल आज कमी भावानं विकावा लागतो. उतरला की मालक दिवसभर आमच्यावरच खेकसतो. झिरो बघा काका.

रावसाहेब : पाहिलेत? भाव उतरावा असे वाटणारा एकही जबाबदार मनुष्य या पंपावर उरलेला नाही.

पोरगा : मला वाटतंय की, साहेब. मी बी गाडीवर येतो, सेलूवरून. आन् आमाला भत्ता नसतो.